ऑस्ट्रेलिया : सोळा दिवस, दोन मुलं, दोन ज्येष्ठ नागरिक. प्लॅन तपासून द्या

गोगलगाय

नमस्कार मंडळी,
यंदा दिवाळीच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियाला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण : मी, नवरा, मुलगी (वय ९), मुलगा (वय ४), सासूबाई आणि सासरे (६५ आणि ६८). नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, पुण्याहून निघून पुण्यात परत, हातात सोळा दिवस. नवऱ्याने एक्सेल शीट बनवली आहे, ती अशी :

सिडनी ३ दिवस, मग गोल्ड कोस्ट २, केर्न्स २ (ग्रेट बॅरियर रीफ), उलुरू (वाळवंटातला प्रचंड खडक) १, मेलबर्न ३ (ग्रेट ओशन रोड धरून), पर्थ २. उरलेले दिवस प्रवासाचे. त्याचं म्हणणं, जमेल तिथे गाडी भाड्याने घेऊन रस्त्याने जाऊ, म्हणजे देश बघून होईल. सासूबाई शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. मुलाला गाडी लागते.

मुलांना घेऊन गेलेल्यांनी अनुभव सांगा. काय वगळू, काय ठेवू?

नकाशावाला

एक्सेल शीटमध्ये कुठल्याही दोन रकान्यांत अंतर सारखंच असतं, घोटाळा तिथेच झालाय.

सिडनी ते पर्थ विमानाने साधारण ३३०० किमी, म्हणजे पाच तास. मुंबई-दुबई याहून कितीतरी जवळ आहे. सिडनी ते केर्न्स रस्त्याने २४०० किमी. सिडनी-मेलबर्न हे 'जवळचं' अंतर, तेही पावणेनऊशे किमी. आपल्या देशाच्या दुपटीहून मोठा देश आहे हा आणि मधला बहुतेक रिकामा. पर्थच्या वाटेवर नलारबॉरच्या ओसाड माळावर १४६ किमी रस्ता एकही वळण न घेता जातो. मुलाला गाडी लागते म्हणालात ना, तिथे लागणार नाही. वेड मात्र सगळ्यांनाच लागेल.

पोटोबा

नवऱ्याला शीट बंद करायला सांगा. सोळा दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे दर अडीच दिवसांनी सहा जणांच्या बॅगा भरणं. त्या कोण भरणार ते तुम्हाला आणि मला माहीत आहे.

कांगारूची_आई

सिडनीत चौदा वर्षं आहे. दरवर्षी कोणी ना कोणी पाहुणे अशीच यादी घेऊन येतात आणि चौथ्या दिवशी आमच्या सोफ्यावर आडवे होतात. कुणी न सांगितलेल्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, वेळ. नोव्हेंबरात सिडनी-मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढे असतात. इथले सकाळचे आठ म्हणजे तुमच्या मुलांच्या पोटातले रात्रीचे अडीच. पहिले तीन दिवस सकाळी साडेसातची बस असलेली कुठलीही सहल बुक करू नका, पैसे पाण्यात. उलट रात्री दहालाही मुलं टकटकीत जागी असतील. त्याचा फायदा करून घ्या. सूर्य साडेसात-आठच्या सुमारास मावळतो, संध्याकाळ भरपूर मोठी मिळते.

दुसरी, मेलबर्न कप. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांची शर्यत असते आणि मेलबर्नमध्ये त्याची चक्क सार्वजनिक सुट्टी. त्या आठवड्यात हॉटेलांचे भाव बघून घेरी येईल. म्हणून आधी सिडनी, मग मेलबर्न.

तिसरी, बाकी जग. त्या काळात इथल्या शाळा सुरू असतात, त्यामुळे प्राणिसंग्रहालय, बागा, सगळं मोकळं मिळतं. आणि सिडनीत जॅकरांडा फुललेला असतो, रस्तेच्या रस्ते जांभळे. तिकीट नाही, रांग नाही.

तिरकसराव

बॅगा आवरणाऱ्यांची बाजू मांडून झाली असेल तर दुसरी बाजू मांडतो.

आम्ही दोन वर्षांपूर्वी टूर कंपनीबरोबर गेलो. अकरा दिवस, चाळीस माणसं, सिडनी-गोल्ड कोस्ट-केर्न्स-मेलबर्न. रोज सकाळी पोहे-उपमा, रोज रात्री वरण-भात. आई ७१ वर्षांची. तिने सगळं पाहिलं, तिची कुठेही तक्रार नव्हती. 'दोनच शहरं बघा, निवांत बघा' हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला सोपं आहे. इथून सहा जणांची तिकिटं आणि सहा व्हिसे काढून माणूस परत कधी जाणार? एकदाच जायचं तर रीफ न बघता यायचं?

पोटोबा

तुमच्या आईंनी पाहिलं. चार वर्षांच्या मुलाने काय पाहिलं असतं? बसची खिडकी.

तिरकसराव

चार वर्षांच्या मुलाला कोथरूडमधली बाग आणि सिडनीतली बाग यात फरक कळत नाही. त्याच्यासाठी जायचंच असेल तर कोथरूड स्वस्त पडेल.

अर्धवट_झोप

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (त्यांचंही पॅकेज आहे का?)

रानवारा

तिरकसरावांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझे सासरे आमच्याबरोबर एकदाच परदेशात आले आणि नंतर त्यांचे गुडघे गेले. मुलं पुढे स्वतःच्या पैशांनी जातील. म्हणून माझं मत, ६८ वर्षांच्या माणसाला काय बघायचंय ते आधी विचारा. विचारलंय का?

उलुरूबद्दल : आम्ही गेलो होतो. वर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे. तिथल्या अनंगू लोकांसाठी ती जागा पवित्र आहे, त्यामुळे ते योग्यच झालं. पायथ्याभोवतीची पूर्ण फेरी दहा किमी, आम्ही मुलांसोबत तिसरा हिस्सा चाललो. मावळतीला दगडाचा रंग विटकरी, मग तांबडा, मग वांग्यासारखा होत गेला आणि आमची बडबडी मुलगी वीस मिनिटं गप्प बसली. पण माश्या! नाकात, कानात, डोळ्यांत. डोक्यावरून ओढायची जाळी मिळते, ती आधीच घ्या. नोव्हेंबरात तिथे ऊनही तापलेलं असतं. आणि एक दिवसात 'करून' येण्याची ती जागा नाही. ॲलिस स्प्रिंग्जला उतरून गाडीने जाऊ म्हणाल तर तिथून अजून साडेचारशे किमी आहे.

गोगलगाय

इतके प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद. नवरा मागे उभा राहून वाचतोय आणि 'नकाशावाला हा माणूस मला आवडला नाही' असं म्हणाला.

रानवारा, खरं सांगते, सासऱ्यांना विचारलंच नव्हतं. आता विचारते. केर्न्सबद्दल कोणी सांगेल का? मुलीला मासे बघायचेत.

डोंगरपायवाट

केर्न्स आम्ही जून महिन्यात केलं आणि ते योग्य होतं. उत्तर क्वीन्सलँडच्या समुद्रात साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश असतात. म्हणजे जाऊच नये असं नाही. किनाऱ्यावर जाळी लावलेल्या जागेतच पोहायचं, बोटीवर अंगभर घट्ट सूट देतात तो घालायचा. नद्या आणि खाड्यांत मगरी, तिथे पाय बुडवायलाही जाऊ नका, पाट्या गमतीने लावलेल्या नसतात. मुलांसाठी गावातच समुद्रकाठी खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव आहे, फुकट. ग्रीन आयलंड बोटीने पाऊण तासावर, तिथे काचेच्या तळाच्या बोटीतून सासूबाईंनाही प्रवाळ दिसतील. कुरांडाची रेल्वे १८९१ ची, बोगदे आणि धबधबे, जाताना ती आणि येताना जंगलावरून साडेसात किमीचा रोपवे. आमच्या घरी अजून त्याच दिवसाची आठवण निघते.

पण गाडी लागणाऱ्या मुलाला रीफच्या मोठ्या बोटीवर नेताना दहादा विचार करा. आमच्या बोटीवर निम्मे लोक कागदी पिशव्या धरून बसले होते, आणि ती सगळी मोठी माणसं होती.

तिरकसराव

कोकण रेल्वेत बसलात तर बोगदे आणि धबधबे जास्त दिसतील.

डोंगरपायवाट

पावसाळ्यात दिसतील. हे दिवाळीत चाललेत.

माई_मुलुंडकर

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी हलक्यात घेऊ नका.

ऊन. आपल्याला वाटतं आपण उन्हातलेच. तिथलं ऊन वेगळं असतं, हवा गार आणि कातडी भाजून निघते. रोजच्या हवामानात यूव्ही (अतिनील किरणांचा) निर्देशांक सांगतात, तीन किंवा त्याच्या वर गेला की टोपी-क्रीम सुरू. सिडनीत नोव्हेंबरात दुपारी तो नऊ-दहाच्या घरात जातो. शाळांत टोपी नसेल तर मैदानावर खेळू देत नाहीत. १९८१ पासून त्यांची 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम चालू आहे. सदरा चढवा, क्रीम थापा, टोपी घाला, एवढाच अर्थ, आणि ते सांगायला एक नाचरा सीगल पक्षी. मुलांना पोहताना लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्टच घाला. माझ्या लेकाने उघड्या अंगाने तासभर वाळूत किल्ला केला आणि पुढचे तीन दिवस पाठ टेकवता आली नाही.

समुद्र. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं. झेंडे नसतील तर वाळूत बसून बटाटेवडे खायचे. लाट साधी दिसते, पण खालून ओढ असते. पोहता येणारी धडधाकट माणसंसुद्धा त्यात सापडतात.

दमेकरी

माईंच्या यादीत एक भर. घरात कोणाला दमा किंवा गवताची ॲलर्जी आहे का? मेलबर्नला ऑक्टोबर ते डिसेंबर गवताच्या परागांचा हंगाम. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी तिथे वादळ आलं, ओल्या हवेत परागकण फुटून बारीक झाले आणि सरळ फुप्फुसांत गेले. हजारो लोक दवाखान्यांत पोचले, दहा जण दगावले. आधी कधी दमा नसलेल्यांनाही त्रास झाला होता. घाबरवायचं नाहीये, माझी बहीण तिथे मजेत राहते. पण पंप हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. हंगामात वादळी दम्याचा रोजचा इशारा येतो, तो बघत चला.

गोगलगाय

दमेकरी, मुलाला लहानपणी नेब्युलायझर लागायचा. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांशी बोलून घेते. मनापासून आभार.

साधासुधा

गाडी भाड्याने घेणार असाल तर : रस्ता आपल्यासारखाच डावा, इंग्रजीत असलेला आपला परवाना पर्यटकाला चालतो, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना असलेला बरा. सात वर्षांखालच्या मुलाला खास आसन सक्तीचं, आणि ते तिथल्या मानकाचंच हवं, इथून नेलेलं चालत नाही. चार वर्षांच्या मुलाचं गाडीबरोबरच बुक करा. टोल नाक्यावर माणूस नसतो, कॅमेरा असतो, बिल मागाहून येतं. संध्याकाळी अंधार पडताना शहराबाहेर चालवू नका, कांगारू हॉर्न ऐकून बाजूला होत नाही.

सहा माणसं म्हणून सात सीटची गाडी घेतलीत तर सहा बॅगा टपावर बांधाव्या लागतील, आणि टपावर बांधायची तिथे पद्धत नाही. आठ सीटची घ्या.

कांगारूची_आई

शहरात गाडी घेऊच नका! पार्किंगचे पैसे ऐकून सासरे आडवे होतील. सिडनीत ट्रेन, बस, बोट सगळ्याला एकच कार्ड. मुलीला आणि मुलाला लहान मुलांचं ओपल कार्ड काढा, बँकेचं कार्ड टेकवलंत तर मोठ्यांचं भाडं कापतं. विमानतळावरच्या स्टेशनाला मात्र माणशी जादा पैसे लागतात, सहा जणांना मोठी टॅक्सी परवडते. मॅनलीची बोट अर्ध्या तासाची. निघाल्या निघाल्या एका बाजूला ऑपेरा हाऊस, दुसरीकडे हार्बर ब्रिज. वेगळ्या क्रूझचे पैसे वाचवा. टरोंगा प्राणिसंग्रहालयही बोटीनेच, आणि जिराफांच्या मागे अख्खं शहर दिसतं.

मुलीच्या माशांसाठी केर्न्सलाच जायला हवं असं नाही. मॅनलीहून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की शेली बीच. तिथली कॅबेज ट्री बे राखीव आहे, मासेमारीला बंदी, त्यामुळे मासे माणसांना भीत नाहीत. ब्लू ग्रोपर नावाचा गलेलठ्ठ निळा मासा अगदी जवळ येतो. पाणी गार असतं हां, नोव्हेंबर म्हणजे आमचा वसंत.

जेवणाचं : स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. पॅरामाटाजवळ हॅरिस पार्क आहे, तिथे गोडा मसाला सोडून सगळं मिळतं. तुरीची डाळ आणि कणीक आता मोठ्या सुपरमार्केटातही असते. आणि इथे बरीच कॅफे दुपारी तीनला खुर्च्या उलट्या करतात. चारचा चहा स्वतःचा स्वतः.

पोटोबा

दुपारी तीनला? पुण्याचे दुकानदार उगाच बदनाम आहेत.

अर्धवट_झोप

पुण्यात तीनला बंद होऊन चारला उघडतं तरी.

एक_तारी

(माझा पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या.) फिलिप आयलंडच्या पेंग्विनांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मेलबर्नपासून १४० किमी. अंधार पडला की एवढेसे, फूटभर उंचीचे पेंग्विन समुद्रातून टोळीटोळीने बाहेर येतात, घाबरतात, परत पाण्यात जातात, पुन्हा येतात आणि वाळू ओलांडून आपापल्या बिळाकडे निघतात. फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे सगळे खरोखर बघत असतात. हॉटेलवर पोचायला अकरा वाजतात, पण वर ताईंनी वेळेचं सांगितलंय तसं आमच्या मुलांच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळच होती. वारा भयंकर. कानटोपी न्या, अगदी सोलापुरी चादर नेलीत तरी कोणी हसणार नाही.

पफिंग बिली ही १९०० सालची वाफेची गाडी. वाफेचं इंजिन बघूनच मुलगा खूश होईल. माथेरानच्या गाडीची थोरली बहीण समजा.

ग्रेट ओशन रोड मात्र एका दिवसात करू नका. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये कुदळी-फावड्यांनी खोदलेला रस्ता आहे, सुंदर आहे, पण वळणं वरंधा घाटासारखी. गाडी लागणाऱ्या मुलाला बारा तास? शेवटी दिसणारे समुद्रातले दगडी सुळके, म्हणजे 'बारा' प्रेषित (ट्वेल्व्ह अपॉसल्स), मुळात बारा नव्हतेच, २००५ मध्ये त्यातला एक ढासळलाही.

तिरकसराव

पेंग्विनांना आमचीही आई हसली होती, हे कबूल करतो. त्या दिवशी ती म्हणाली, 'आज कुठे निघायची घाई नाही ना रे?' दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघायचं होतं. मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

गोगलगाय

तिरकसराव, तुमचा हा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

तर सासऱ्यांना विचारलं. ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'एमसीजी.' म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. मार्च १९८५ मध्ये गावस्करच्या संघाने पाकिस्तानला तिथे अंतिम सामन्यात हरवलं, शास्त्रीला ऑडी मिळाली आणि सगळा संघ त्या गाडीवर चढून मैदानाला फेरी मारत होता, हे त्यांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलं होतं. त्यानंतर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ धावांत डाव आटोपल्यावर रहाणेने तिथेच शतक ठोकलं, तेव्हा ते करोनातून उठत होते. ही गोष्ट ते पाऊण तास सांगत होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी पहिल्यांदा ऐकली.

मुलीला मासे हवेत. मुलाला विचारलं तर 'दुमजली ट्रेन' म्हणाला. कुठे पाहिली देव जाणे.

कांगारूची_आई

सिडनीच्या लोकल दुमजली असतात! तुमच्या मुलाचं तिकीट सगळ्यात स्वस्तात निघालं. त्याला वरच्या मजल्यावर बसवून कटूम्बाला न्या, दोन तास, ब्लू माउंटन्स पदरात. रुळांवर गाडी लागत नाही सहसा.

रानवारा

एमसीजीची आतून फेरी असते, सामने वगैरे नसतील त्या दिवशी. आत क्रीडा संग्रहालयही आहे. सासऱ्यांना तिथे सोडा आणि तीन तास फोन करू नका.

नकाशावाला

मग ठरलंच की. सिडनी सात, मेलबर्न सहा, मध्ये एकच विमान. उरलेले प्रवासाचे. नवरोबांना सांगा, शीट माझ्यातर्फे पाठवतो, रकाने कमी आहेत.

तिरकसराव

रीफ राहिला. नोंद असावी.

डोंगरपायवाट

राहू दे. जून महिन्यासाठी.

गोगलगाय

नवऱ्याने नवी शीट केली. पर्थ, उलुरू, गोल्ड कोस्ट, केर्न्स बाद. आधी सिडनी, कपचा मंगळवार उलटल्यावर मेलबर्न. त्यात दोन दिवसांसमोरचे रकाने रिकामे आहेत. तिथे त्याने आधी 'राखीव' लिहिलं होतं, मी ते पुसलं.

एकच शेवटची शंका, ही सासूबाईंची. त्या फराळ, बाकरवडी आणि मेतकूट नेणार आहेत. यावर चर्चा होऊ शकत नाही असं त्यांनी सांगितलंय.

साधासुधा

चर्चा कस्टमवाले करतील. विमानात कार्ड देतात, त्यात खाण्याच्या प्रश्नाला 'हो' वर खूण करा. दाखवलेलं फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर जबर दंड. पेढे, बर्फी, दुधाचं काहीही नको. ताजा कढीपत्ता, फळं, बिया तर अजिबात नको. पाकीटबंद, नाव छापलेलं न्या. आमच्या बाकरवडीचं पाकीट अधिकाऱ्याने उलटसुलट बघून परत दिलं होतं. ट्रेकचे चिखलाचे बूटही धुऊन न्या, ते तपासतात.

गोगलगाय

त्या विचारतात, मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणायचं?

कांगारूची_आई

'रोस्टेड लेंटिल पावडर' म्हणा. पाकीट घरच्या डब्यातलं नको, दुकानातलं बंद हवं. आणि दोन न्या. एक मला.